डिस्टन्स रेकी करताना डोळ्यासमोर नक्की आणायचं काय?

रेकी म्हणजे अंगावर हात ठेवून ऊर्जा द्यायची जपानी पद्धत, आणि समोर नसलेल्या माणसाला ती दुरून पाठवायची म्हणजे डिस्टन्स रेकी, जी दुसऱ्या पायरीला, सेकंड डिग्रीला शिकवतात. ही सेकंड डिग्री झाली की पहिले काही दिवस सगळे एकदम जोरात असतात, मग हळूहळू एकच प्रश्न यायला लागतो, की डोळे मिटल्यावर मला काही दिसतच नाही हो, बाकीच्यांना सोनेरी प्रकाश दिसतो, कोणाला जांभळा दिसतो, मला नुसता काळोख आणि त्यात मधेच आठवतं की दूधवाल्याचे पैसे द्यायचे राहिलेत. मग माझी अट्यूनमेंट, म्हणजे मास्टरने (रेकी शिकवणाऱ्याने) दिलेली दीक्षा, नीट झाली नाही का, परत करून घेऊ का? नका घेऊ, पैसे वाचवा. काही न दिसणं हा प्रॉब्लेमच नाहीये, आणि मग करायचं काय ते जरा सविस्तर लिहिते.

थोडं मागचं सांगते, पटकन. मिकाओ उसुईंनी १९२२ साली क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर २१ दिवस उपास आणि ध्यान केलं आणि तिथून ही पद्धत सुरू झाली असं मानतात. १९२६ मध्ये ते गेले. पुढे नौदलातून निवृत्त झालेले चुजिरो हायाशी आणि त्यांच्याकडे शिकलेल्या हवाईच्या हवायो ताकाता यांच्यामुळे रेकी जपानबाहेर पडली, आणि आपल्याकडे जे शिकवतात ते बरंचसं ताकाताबाईंच्या परंपरेतून आलेलं आहे, फक्त त्यात चक्रं, ऑरा, क्रिस्टल, एंजल्स असं बरंच काही मागून मिसळलं गेलंय. म्हणजे तुमच्या मास्टरने "आता सात चक्रं सात रंगात बघा" असं सांगितलं असेल आणि ते तुम्हाला जमत नसेल तर टेन्शन घेऊ नका, उसुईंच्या मूळ पद्धतीत ते नव्हतंच.

दुसरी गोष्ट, आधीच सांगून टाकते म्हणजे नंतर वाद नको. रेकीने आजार बरा होतो असं सिद्ध झालेलं नाहीये. २००८ साली तोवरच्या चाचण्या एकत्र तपासून एक आढावा आला होता, त्याचा निष्कर्ष होता की पुरावा अपुरा आहे, आणि दूरवरून पाठवण्याचं तर त्याहून अवघड. मी स्वतः करते, मला त्यातून मिळतं, ज्यांच्यासाठी करते त्यातल्या बऱ्याच जणांना शांत वाटतं, झोप लागते, एवढंच मी छातीठोकपणे सांगू शकते. गोळ्या बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढे ढकलायची नाही, आणि छातीत दुखतंय म्हणून कोणी फोन केला तर आधी १०८ लावायला सांगायचं, सिम्बॉल (रेकी पाठवताना काढायच्या खुणा) नंतर. कॅन्सर, डायबिटीस बरा करतो अशी जाहिरात तर चुकूनही करू नका, १९५४ पासून ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आहे त्यासाठी.

आता मुद्द्यावर. सुरुवात होते परवानगीपासून, आणि इथेच लोक सगळ्यात जास्त गडबड करतात. "मी तुझ्यासाठी रोज रात्री पंधरा मिनिटं रेकी पाठवू का, चालेल?" एवढा साधा व्हॉट्सअॅप मेसेज करायचा. नको म्हटलं तर नको, त्यावर लेक्चर द्यायचं नाही, गुपचूप पाठवायचीही नाही. माणूस आयसीयूत असेल, विचारणं शक्यच नसेल तर जवळच्या नातेवाइकांना विचारायचं. आणि ज्यांना वाटतं की डिस्टन्स रेकीने बॉसचं मन बदलेल, मुलगी त्या मुलाचा नाद सोडेल, भाडेकरू खोली खाली करेल, त्यांनी कृपया हे पुढे वाचू नका, हे त्यासाठी नाहीये.

मग वेळ ठरवायची. तिसऱ्या सिम्बॉलने, म्हणजे होन शा झे शो नेनने, काळ आणि अंतर ओलांडता येतं असं शिकवलेलं असतं, त्यामुळे कोणी भूतकाळात पाठवतं, कोणी पुढच्या मंगळवारच्या इंटरव्ह्यूला पाठवतं, ते सगळं चालू द्या हवं तर, पण सुरुवातीला समोरच्याबरोबर एकच वेळ ठरवा. कारण व्यवहाराचं आहे. वेळ ठरली की तो माणूस त्या वेळेला फोन बाजूला ठेवतो, टीव्ही बंद करून आडवा पडतो, घरातलेही जरा आवाज कमी करतात. ही पंधरा मिनिटांची विश्रांतीच कित्येकांना आठवड्यात मिळालेली नसते! तुमची रेकी पोचली का नाही हा वाद नंतर घाला, पाठ तर टेकली ना त्याची.

बसण्याआधी हात धुवायचे, फोन सायलेंटवर नाही तर दुसऱ्या खोलीत. मग केन्योकु करायचं, आपल्याकडे बरेच मास्टर हे शिकवत नाहीत पण मला फार उपयोगी वाटतं, मन आपोआप अंगात येतं. उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवायचा आणि तिरका खाली उजव्या कमरेपर्यंत झटकल्यासारखा न्यायचा, मग डावा हात उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेपर्यंत, मग परत उजवा. नंतर उजव्या हाताने डाव्या खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत झटकायचं, मग डाव्याने उजवा हात, मग परत पहिला. मिनिटभराचं काम. त्यानंतर दोन्ही हात छातीशी जोडून बसायचं, म्हणजे गाशो, आणि लक्ष कुठे, तर दोन मधली बोटं जिथे एकमेकांना टेकतात तिथे. श्वास मुद्दाम लांब करायचा नाही. दोन-तीन मिनिटं एवढंच. मन सैरभैर असेल तर रेकीची पाचही तत्त्वं मनात म्हणा, "फक्त आजच्या दिवसापुरता रागावणार नाही, काळजी करणार नाही" वगैरे, मराठीत म्हटली तरी काही बिघडत नाही.

आता सिम्बॉल. बहुतेक ठिकाणी आधी होन शा झे शो नेन, मग से हे की (मनासाठीचं) गरजेप्रमाणे, आणि चो कू रे (शक्तीचं) शेवटी किंवा आधी आणि शेवटी दोन्हीकडे असं शिकवतात. तुमच्या मास्टरने जो क्रम दिलाय तोच ठेवा, नेटवर बघून बदलत बसू नका. तिसरं सिम्बॉल खूप लांब आहे, पाच जपानी अक्षरं एकाखाली एक जोडलेली आहेत, त्यामुळे रेघा विसरतात सगळेच. ताकाताबाईंच्या शिष्यांनी काढलेल्या सिम्बॉलमध्येही एकमेकांत फरक आहेत, तेव्हा एखादी रेघ इकडे-तिकडे झाली म्हणून घाबरायचं कारण नाही. ज्यांना मनात काढायला जमत नाही त्यांनी तळहातावर बोटाने काढा किंवा कागदावर पेनाने काढा आणि नाव तीन वेळा म्हणा. मनातल्या मनात जांभळ्या रंगात चमकलंच पाहिजे असं काही नाही.

आणि आता ते व्हिज्युअलायझेशन, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. लोकांना वाटतं की व्हिज्युअलायझेशन म्हणजे डोळे मिटले की आत सिनेमा सुरू झाला पाहिजे. काही लोकांना होतो सुरू, काहींना अंधुक दिसतं, आणि काहींना आयुष्यात कधीच मनात चित्र दिसत नाही, जन्मापासून तसंच असतं, अफँटेशिया म्हणतात त्याला, त्यात आजार वगैरे काही नाही. चित्र हे फक्त लक्ष धरून ठेवण्यासाठी आहे, सांडशीने पातेलं धरतो तसं, सांडशी पितळेची असो की स्टीलची, पातेलं उचललं जातंय ना. तेव्हा ज्याने तुमचं लक्ष त्या माणसावर टिकतं ते वापरा. आवाज, वास, स्पर्श, काहीही चालतं.

करून बघायचं असेल तर आत्ता लगेच करा. डोळे मिटा आणि आपल्या घराच्या मुख्य दाराची कडी आठवा. उजवीकडे आहे का डावीकडे, वर उचलायला लागते की सरकवायला, लावताना अडकते का, थंडीत हाताला कशी लागते. सांगता आलं ना? चित्र दिसलं असेल नसेल, पण ती कडी तुमच्यासमोर होती. डिस्टन्स रेकीत माणूस असाच समोर आणायचा असतो.

माझ्या मावशीचं उदाहरण देते. ती सोलापूरला असते, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, रात्री साडेनऊ ही तिची वेळ. मी तिचा चेहरा आणायच्या भानगडीतच पडत नाही, कारण चेहरा आणायला गेलं की तो लग्नाच्या अल्बममधला येतो, पंचवीस वर्षांपूर्वीचा. मी तिचा दिवाण आणते. खिडकीखाली आहे, त्यावर निळी सोलापुरी चादर, धुऊन धुऊन मऊ झालेली, कोपऱ्यात एक शिवण उसवलीय. उशाशी गोळ्यांचा प्लास्टिकचा डबा आणि तांब्या-भांडं, आणि खोलीत बामचा वास, जो तिच्या घरात गेलं की आधी येतो. एवढं आलं की मावशी आलीच, तिला वेगळं बोलवावं लागत नाही. मग मनात म्हणते, "मावशी, मी आले गं, बसते इथे," आणि दिवाणाच्या कडेला बसल्याची कल्पना करते, हात तिच्या डोक्यापासून सुरू, कपाळ, मग डोक्याच्या मागे, मग खांदे, छाती, पोट, शेवटी गुडघा आणि पावलं. समोरासमोर देताना जे पॉइंट घेता तेच, फक्त सगळे चोवीस नाही घ्यायचे, डिस्टन्सला पाच-सहा पुरतात, प्रत्येकी दोन-तीन मिनिटं.

ज्यांना असं "तिकडे जाणं" जमत नाही त्यांच्यासाठी इतर पद्धती आहेतच. एक म्हणजे उशी किंवा टेडी घ्यायचा, मनात ठरवायचं की हे अमुकच्या जागी, आणि त्यावर हात ठेवायचे. हात कुठेतरी खरोखर टेकलेले असतात ना, त्यामुळे मन पळत नाही, नवीन लोकांना मी हीच सुचवते. स्वतःच्या मांड्या वापरायची जुनी युक्तीसुद्धा आहे, उजवा गुडघा म्हणजे समोरच्याचं डोकं, मांडी म्हणजे अंगाची पुढची बाजू, आणि डावी मांडी म्हणजे पाठ. ऑफिसच्या बसमध्ये बसल्या बसल्या करता येतं, कोणाला कळतही नाही. फोटो हवा असेल तर एकट्याचा घ्या, ग्रुप फोटोतून कापलेला चालेल पण तो नाकावर बोट ठेवून वेडावणारा वगैरे नको, हसू येतं. काही जण त्या माणसाला एवढंसं करून दोन तळहातांच्या मध्ये ठेवतात. मला व्यक्तिशः ते आवडत नाही, मोठ्या माणसांना मुठीत धरल्यासारखं वाटतं, पण लहान बाळांसाठी छान वाटतं.

माझा एकच हट्ट आहे, आजार डोळ्यासमोर आणू नका. गाठ जळतेय, दगड विरघळतोय, काळा धूर बाहेर पडतोय, रक्तवाहिनीतलं ब्लॉकेज सुटतंय, असलं काही नको. एक तर आपल्याला शरीरातलं काही कळत नाही, बहुतेकांचं लिव्हर कुठल्या बाजूला असतं यावर दुमत होईल. दुसरं म्हणजे वीस मिनिटं तुम्ही त्या गाठीकडेच बघत बसता आणि माणूस बाजूलाच राहतो, वर उठताना तुमचीच छाती भरून येते, आणि मग फोनवर तीच काळजी त्याच्या कानात ओतता. त्यापेक्षा माणूस बघा, सोपं काहीतरी करताना. मावशी मला शेवटच्या दोन मिनिटांत नेहमी अंगणात तुळशीला पाणी घालताना दिसते, पाय दुखतोय की नाही हा विषयच नाही त्यात. प्रकाश आणायचा असेल तर आणा, खिडकीतून येतो तेवढा, डोळे दिपवणारा नको.

मधे मन भरकटणार. कुकरची तिसरी शिट्टी झाली का, हे येणारच. भरकटलं हे लक्षात आलं की स्वतःला न झापता परत दिवाणाच्या त्या उसवलेल्या शिवणीवर यायचं, म्हणजे तुमच्यासाठी जी काही खूण असेल तिच्यावर. म्हणूनच खूण ठरलेली असावी, रोज नवीन शोधायची नाही. झोप येत असेल तर गादीवर बसून करू नका, खुर्ची घ्या. बेल वाजली तर उठा, दार उघडा, परत येऊन बसा, काही "कनेक्शन तुटून निगेटिव्ह" वगैरे होत नाही.

हाताला मुंग्या येतील, गरम लागेल, कधी गारसुद्धा, कधी काहीच नाही. जपानी परंपरेत याला ब्योसेन म्हणतात आणि त्यावरून हात कुठे जास्त वेळ ठेवायचा ते ठरवतात. तेवढ्यापुरतंच ते घ्या. हाताला काही लागलं म्हणून "तुझ्या किडनीजवळ मला काहीतरी जाणवलं, चेक करून घे" असं कोणाला कधीही सांगू नका. तो माणूस रात्रभर झोपणार नाही, आणि तुम्ही रेडिओलॉजिस्ट नाही.

संपवताना सरळ संपवायचं. मनात आभार, "मी निघते आता", हात जोडायचे, तळहात एकमेकांवर घासायचे, एक फुंकर मारायची, आणि नळाखाली गार पाण्याने हात मनगटापर्यंत धुवायचे. मग लगेच मोबाइल नको, पाणी प्या, दोन मिनिटं चाला. वहीत तारीख, वेळ, कोणासाठी आणि तुम्हाला कसं वाटलं एवढं लिहा. त्या माणसाला कसं वाटलं ते त्याच्याशी बोलल्यावर वेगळ्या रकान्यात. दोन्ही रकाने जुळतातच असं नाही, आणि जुळले नाहीत तेही लिहा, नाहीतर आपल्याला फक्त जुळलेलेच लक्षात राहतात.

फोन करताना एक पथ्य. "गरम वाटलं का गं? पायात मुंग्या आल्या का?" असं विचारायचं नाही. आपली माणसं प्रेमाने हो म्हणतात, मावशी तर मी "रंग दिसला का" विचारलं असतं तर रंगही सांगेल. नुसतं विचारा, "कशी आहेस? झोप झाली का?" आणि ऐका. ती म्हणाली की फिजिओवाला मुलगा फार दुखवतो, तर त्यावर बोला. रेकीचा विषय तिने काढला तर काढला.

ऑपरेशनच्या आधी ग्रुपवर "आपण पन्नास जण एकदम पाठवूया" असा उत्साह येतो, त्यावर थोडं. २००६ मध्ये अमेरिकेत बायपासच्या १८०२ पेशंटवर एक मोठा अभ्यास झाला होता, रेकीचा नाही, चर्चमधल्या लोकांनी दुरून केलेल्या प्रार्थनेचा. ज्यांना आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही हे माहीत नव्हतं त्यांच्यात, केली किंवा न केली, फरक पडला नाही, कॉम्प्लिकेशन ५२ आणि ५१ टक्के. पण ज्यांना नक्की सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे, त्यांच्यात ते ५९ टक्के निघाले, उलट जास्त! योगायोगही असेल, पण पेशंटच्या मनात "माझी केस एवढी सीरियस आहे का" असं आलं असेल अशीही शंका तेव्हा काढली गेली. मला ती पटते. तेव्हा ऑपरेशनच्या आदल्या रात्री पेशंटला पन्नास जणांची यादी पाठवू नका. एकाने हळू सांगावं, बाकीच्यांनी जमल्यास डबा पोचवावा, रक्त लागलं तर द्यायला जावं.

एकाच वेळी खूप जणांसाठी करायचं असेल तर रेकी बॉक्स हा सोपा उपाय. एक लहान डबी, त्यात नावांच्या चिठ्ठ्या, डबी दोन हातात धरून वरचंच सगळं करायचं. फक्त महिन्यातून एकदा डबी रिकामी करा, कारण बरी झालेली माणसं, पास झालेली मुलं आणि मिटलेली भांडणं त्यात वर्षानुवर्षं पडून राहतात. आणि यासाठी "ग्रुप हीलिंग पॅकेज" म्हणून हजारो रुपये कोणी मागत असेल तर माझं मत विचाराल तर देऊ नका. सेकंड डिग्री झालेली असेल तर तुम्हाला स्वतःला येतंच की.

राहता राहिली परदेशातल्या मुलांची वेळ. मुलगा किंवा मुलगी न्यू जर्सी, बॉस्टन भागात असेल तर उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेनऊ म्हणजे त्यांचे दुपारचे बारा, लंच ब्रेकमध्ये दहा मिनिटं गाडीत डोळे मिटून बसायला बरं पडतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, मग त्यांचे बारा म्हणजे आपले साडेदहा होतात आणि मार्चमध्ये परत साडेनऊ. कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा, नाहीतर तुम्ही इकडे पाठवत बसाल आणि पोरगं तिकडे मीटिंगमध्ये असेल.